रविनाची उलटी आवणी

तुमचं पोरगं घास घेत नाही म्हणून तुम्ही त्याच्यासमोर मोबाईल उभा करता. त्यात वाघ गातो, टोमॅटो नाचतो, पोरगं आ वासतं आणि तुम्ही घास कोंबता. हे वाघ, हे टोमॅटो कोण काढतं, असा प्रश्न तुम्हाला आयुष्यात एकदा तरी पडलाय का?

नाही पडला. मला माहीत आहे, कारण मी बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये विचारून बघितलंय. कुणी म्हणालं हे चीनमध्ये होतं, कुणी म्हणालं कॉम्प्युटर आपोआप करतो. एक बाई म्हणाल्या, "आता एआयच करतं ना सगळं!" बाईंच्या नळाला बारवी धरणाचं पाणी. आणि बाईंच्या नातवासमोर जो वाघ डोळे मिचकावत होता, त्याच्या पापण्या त्याच धरणामागच्या डोंगरातल्या एका पोरीने हलवलेल्या. पाणी तिथलं, पापण्या तिथल्या, आणि तिथल्या बाया अजून हंडे घेऊन विहिरीवर. पण पाण्यावर भांडायला मला वेगळा दिवस लागतो. आज त्या पोरीबद्दल बोलू.

रविना आगिवले. ठाकूर वाडीवरची. आई चंद्री पावसाळ्यात भात लावते, एरवी रानभाज्या नाहीतर करवंदं घेऊन बदलापूर स्टेशनबाहेर बसते. मी आदिवासींच्या संघटनेच्या कामाला, जातीच्या दाखल्यांसाठी वाडीवर जायचे, तेव्हापासून ही पोर बघतेय. आश्रमशाळेतून सुट्टीला आली की मामेभावाच्या काच फुटलेल्या मोबाईलवर काड्यांची माणसं हलवायची. एकदा तिने देऊमामा बकरीमागे धावताना बांधावरून चिखलात कसा बसला, ते करून दाखवलं. सगळी वाडी त्या मोबाईलवर वाकली. देऊमामाने स्वतः तीनदा बघितलं आणि म्हणाला, "बाकी बरोबर हाय. माझा पोट एवढा नाय."

रविना म्हणाली, "मामा, पोट कमी केला तर तू पडणारच नाय. वजन लागतं पडायला."

तेव्हाच मी ओळखलं, हिला कला शिकवायची गरज नाही, फक्त कुणीतरी दार उघडायला हवं. दार उघडलं उल्हासनगरच्या एका ॲनिमेशन क्लासने. बाहेर मोठा फ्लेक्स, 'शंभर टक्के जॉब'. जॉब खरंच दिला, तो क्लासवाल्याच्याच भावाच्या स्टुडिओत. तिथेच कॅम्प पाचमध्ये, खाली जीन्स शिवायच्या मशिनी, वरच्या मजल्यावर एसी आणि कॉम्प्युटर. खाली एक जण खिसे शिवतो, एक जण चेन लावतो, एक जण बटणं ठोकतो. वर वेगळं काय? एकाकडे हात, एकाकडे पाय, रविनाकडे पापण्या आणि ओठ. दुसऱ्याने काढलेल्या वाघाच्या पापण्या, तिसऱ्याने काढलेल्या बदकाचे ओठ. मी तिला विचारायचे, "मग तुझं स्वतःचं काय त्यात?" ती म्हणायची, "ताई, मिचकावणं माझं."

खिसे शिवणाऱ्याचं नाव पँटवर येत नाही, तसं हिचंही कुठे येत नव्हतं. आणि या धंद्यात नाव नसलेल्या माणसाला पुढे कुणी उभं करत नाही. मुंबईतल्या चांगल्या स्टुडिओत अर्ज करायचा तर ते विचारतात, तुमचं प्रसिद्ध झालेलं काम दाखवा, खाली तुमचं नाव दाखवा. बारा जणांनी मिळून हलवलेल्या वाघाच्या पापण्या दाखवून काय सांगणार?

मग भाताचं गाणं आलं. बाहेरच्या कुठल्यातरी कंपनीचं मुलांचं चॅनल, 'शेतात रोपं लावूया' असलं काहीतरी हिंदी गाणं. स्टुडिओत सगळे फ्लॅटमधले. शेठ म्हणाला, "रविना बेटा, तू तो गाँव की है ना? पूरा सीन तू कर."

पूरा सीन! पोरीने तिथल्या तिथे अट घातली. "सर, खाली माझं नाव टाकायचं."

शेठने सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर दिपेश, अंबरनाथचा, वाईट माणूस नाही, फक्त कायम घाईत. तो म्हणाला, "टाकू ना. डिस्क्रिप्शनमध्ये टाकू. तू काम तर दे आधी."

तिने काम दिलं. असं दिलं की मी स्क्रीनसमोरून उठले नाही. पिवळं आभाळ, चिखलाचं खाचर, पावसासाठी पाठीवर पानांची इरली घेतलेल्या बायांची रांग. कडेची बाई म्हणजे हुबेहूब चंद्री. रोपांची मूठ सोडायची, चार काड्या चिखलात दाबायच्या, मध्येच मान वळवून शेजारणीला काहीतरी टोमणा मारायचा, परत खाली वाकायचं. आणि सगळ्या बाया मागे मागे सरकत होत्या. अर्थातच. आवणी, म्हणजे तुमची भातलावणी, मागे सरकतच होते. पुढे चाललात तर आत्ताच लावलेलं रोप तुमच्याच पायाखाली. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. म्हणूनच रविनाने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, यात सांगायचं काय?

काम देऊन ती रजेवर गेली. कशासाठी? घरच्या आवणीसाठी! वाडीत एकमेकांच्या शेतावर हात द्यायचा असतो. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. त्यातून कुणी सुटत नाही, कॉम्प्युटरवालीही नाही. ती खाचरात वाकलेली असताना इकडे कंपनीचा शेरा आला. बाया उलट्या चालतायत, चूक दुरुस्त करा, संध्याकाळपर्यंत पाठवा.

दिपेशने तिला फोन लावला. वाडीवर रेंज नाही. मग त्याने एक बटण दाबलं आणि सगळा सीन उलटा चालवला. बाया पुढे चालायला लागल्या. कंपनी खूश. व्हिडिओ चढला.

रविना रेंजसाठी टेकडीवर गेली तेव्हा तिला तो दिसला. वर बघितलंच नाही तिने, आधी खाली बघितलं. ॲनिमेशन, रविना आगिवले. तिने तो मोबाईलमध्ये उतरवून घेतला, नावाचाही फोटो काढला आणि पळत खाली आली. चंद्रीच्या अंगणात बाया जमल्या, मीही होते. आधी नाव दाखवलं. चंद्रीने मोबाईलला हात लावून तो कपाळाला लावला. मग गाणं सुरू झालं.

बाया पुढे पुढे चालत होत्या. हात चिखलात जायचा आणि रोप घेऊन वर यायचा. लावलेलं हिरवं खाचर त्यांच्यासमोर मोकळं होत होतं. आणि वरून गाणं, रोपं लावूया, रोपं लावूया.

मग बनूबाई, वाडीतली सगळ्यात तिखट जीभ, म्हणाली, "कुणाची आवणी उपटतेस गं चंद्रे? भांडण कुणासंगं झालाय?"

सगळ्या हसल्या. चंद्री नाही हसली. कारण वाडीत लावलेलं भात उपटणं हा विनोद नाही. वैर असेल तर माणूस दुसऱ्याचं खाचर उपटतो, आणि मग पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या दारात पाणी पीत नाहीत. चंद्री लेकीला एवढंच म्हणाली, "मला कशाला घातलंस गं त्यात?"

रविनाने मोबाईल बंद केला. आवणी पूर्ण झाल्याशिवाय तिने वाडी सोडली नाही, हेही सांगते. मग कॅम्प पाचला गेली आणि मला सोबत घेऊन गेली.

दिपेश तिला म्हणाला, "अगं फोन लावला होता मी! लागलाच नाही. क्लायंटने बॅकवर्ड लिहिलं, मला वाटलं एक्सपोर्ट करताना गडबड झाली."

"रोप बाहेर येतंय ते दिसलं नाही तुला?"

"मुलांना काय कळतंय रविना."

इथे माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "अहो, मुलांना कळत नाही म्हणूनच दाखवतात ना मुलांना? तुम्ही त्यांना काय शिकवताय, शेती की चोरी?" आवाज जरा जास्तच लागला असेल, कारण खालच्या मशिनी थांबल्या.

शेठ केबिनमधून आला. गोड बोलतो तो. "मॅडम, बैठो, चाय पियो. देखो, यूट्यूब पे पुराना वीडियो बदली नहीं होता. नया डालो तो व्ह्यूज झिरो से. क्लायंट मानेगा? कोई देखनेवाला मेल करे कंपनी को, तो कंपनी मुझे बोलेगी, तो मैं अभी के अभी सीधा कर दूँ. आज तक एक मेल नहीं आया साईं." मग रविनाकडे वळून म्हणाला, "तेरे को शरम आती है तो नाम हटा देता हूँ. वो मेरे हाथ में है."

मी लगेच म्हटलं, "नाव राहील आणि व्हिडिओही सरळ होईल."

रविना माझ्याकडे वळली. मुंबईच्या एका स्टुडिओने तिला बोलावलं होतं, त्याच आठवड्यात. तिच्याकडे दाखवायला नाव असलेलं हे एकच काम. तिलाही माहीत होतं, मलाही. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही मोर्चा काढाल, तो संपेल. मला घरी जायचंय. माझ्या नावाखाली आई तिथे खाचर उपटतेय." आणि शेठला म्हणाली, "काढा नाव."

दिपेशने काढलं. त्यालाही एकच बटण लागलं. रविनाने मोबाईलमधला नावाचा फोटोही पुसला.

मुंबईच्या स्टुडिओतल्या मॅडमनी तिचा सरळ सीन बघितला, परत लावायला सांगितला. म्हणाल्या, "सुंदर आहे. कुठे आलाय हा?" रविनाने खरं सांगितलं. मॅडमनी उलटा व्हिडिओ शोधला, खाली बघितलं. नाव नाही. आणि फाईल दुसऱ्या स्टुडिओच्या मालकीची. "आम्ही असं काम धरू शकत नाही. स्वतःचं काहीतरी प्रसिद्ध झालं की या." खोटं बोलली असती तर? मी तिला विचारलंच. ती म्हणाली, "खोटं बोलायला पण नाव लागतं, ताई."

आता ती परत कॅम्प पाचला, त्याच खुर्चीवर. सध्या एका हत्तीच्या पापण्या चालू आहेत. उलट्या व्हिडिओचे व्ह्यूज वाढतायत, शेठने भिंतीवर त्याचा फोटो लावलाय. चंद्री स्टेशनबाहेर बसते, गिऱ्हाईक बायांच्या कडेवरच्या पोरांच्या मोबाईलमध्ये ते गाणं वाजतं आणि ती मान दुसरीकडे वळवते.

वाडीतून मेल करायला रेंज नाही. मी केला, कंपनीने उत्तर दिलं नाही. त्यांना आमची नाही, तुमची भीती वाटते, कारण बघणारे तुम्ही आहात. मुलांच्या व्हिडिओखाली कॉमेंट बंद असते, पण चॅनलच्या माहितीत मेलचा पत्ता असतो. पिवळ्या आभाळाखाली इरलं घेतलेल्या बाया पुढे पुढे चालताना तुमच्या घरात दिसल्या, तर पोराच्या तोंडात पुढचा घास घालण्याआधी त्या पत्त्यावर दोन ओळी पाठवा. हे सरळ करून परत टाका. आणि खाली रविना आगिवलेचं नाव लिहा.