गाडी बसली तिथून पुढं

आमच्या आईचे गुडघे वाकेनासे झाले, तेव्हा आम्ही भावांनी गाडी वाकवली. इतर घरांत अशा वेळी माणसाला डॉक्टरकडे नेतात. आमच्या घरातून व्हॅन मिस्त्रीकडे गेली.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. व्हॅन जुनाट, विलायती, खोपोलीकडच्या कुठल्याशा कारखान्यानं भंगारात काढलेली. माझा थोरला भाऊ, दादा, ती चालवायचा. मी शेजारी बसून ‘आता वळण आहे’ असं वळण आल्यावर सांगायचो. त्यालाच मी गाडीची माहिती असणं समजत होतो.

आईच्या माहेरी, कळंबच्या अलीकडे, नवा विहार बांधून झाला होता. पूर्वी तिथं कुडाची खोली होती आणि लग्नाआधी आई ती सारवायची. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी मूर्ती बसायची होती. आईला जायचं होतं, आणि तेही स्वतःच्या पायानं. पण व्हॅनची पायरी उंच. आम्ही उचलून बसवतो म्हटलं, तर म्हणाली, “मी काय तांदळाची गोण हाय? उचलाल तर येनार नाय.”

म्हणून भिसेगावच्या मिस्त्रीकडून स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले. मिस्त्रीही हौशी. “अजून एक कापू का? जमिनीला टेकवूनच देतो,” म्हणाला. व्हॅन वीतभर खाली आली. आई पांढरं लुगडं नेसून आली, दाराची कड धरली आणि आत बसली. आपली आपण. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की आम्ही जणू विमानच तयार केलं होतं.

नेरळ सुटल्यावर उन्हं कलली. दोन्ही बाजूंना भाजावळ झालेली काळी शेतं, मध्येच एखादा आंबा. इतक्या खालून रस्ता मी कधी पाहिला नव्हता. गाडी होडीसारखी डुलत होती आणि पुढून, डाव्या अंगाला, टक्... टक्... असा आवाज येत होता. मला तो फार गोड वाटला. घड्याळासारखा.

“आवाज कसला रं?” आईनं मागून विचारलं.

“गाडी जुनी आहे ना, गुणगुणते,” मी म्हणालो.

पुढचं चाक गाडीला जोडणारा एक लोखंडी गोळा असतो, वाटीत बसवलेला. त्याला बॉल जॉइंट म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाडी नीट उभी असली की गोळा वाटीच्या मधोमध फिरतो. आमची खाली बसवल्यावर तो बिचारा सतत मान वाकडी करून वाटीच्या काठाशी घासत होता. वरचं रबर फाटलं, ग्रीस गळून गेलं, आत धूळ शिरली. गुणगुणणं ते हे.

एका खड्ड्यापाशी दादानं गाडी अगदी हळू केली आणि गोळा वाटीतून निसटला. डावं चाक आडवं पडलं आणि व्हॅन म्हैस बसावी तशी, घाई न करता, रस्त्याच्या कडेला बसली. कुणाला खरचटलंही नाही. धूळ सोनेरी होऊन आमच्याभोवती तरंगत होती.

मग आई म्हणाली, “पोचलो?”

माहेर अजून पुढं, समोरच्या वळणापलीकडे होतं. दादा कपाळाला हात लावून उभा. मी बैलगाडी बघून येतो म्हणालो, पण बैलगाडीची चढण व्हॅनहून वाईट. तेवढ्यात आईनं दार उघडलं. गाडी तिच्याच बाजूला कलली होती, त्यामुळे पाय सरळ मातीवर टेकला. ती उतरली आणि चालायला लागली.

“आगं थांब, दमशील!” दादा ओरडला.

“दमले की बसंन. बसायला आना कायतरी.”

मग आम्ही पान्यानं नट खोलून व्हॅनची मागची सीट सोडवली आणि ती उचलून आईच्या मागून निघालो. ती थोडं चालायची, थांबायची. आम्ही सीट रस्त्यावर मांडायचो. ती लुगडं सावरून बसायची, शेताकडे बघायची. “हितं करवंदाची जाळी व्हती.” पुन्हा उठायची. डोंगराआडून चंद्र वर आला, तांबूस, भाकरीएवढा. चालता चालता मला वाटू लागलं, की आम्ही जन्मभर हेच करत आलो आहोत, आणि यात काही वावगं नाही. खांदा मात्र भलताच दुखत होता.

विहाराशी पोचलो तेव्हा वंदना सुरू होती. दाराला एकच पायरी, पण उंच. आई तिच्यासमोर उभी राहिली. आत मेणबत्त्या दिसत होत्या. दादा पुढं झाला, मी पुढं झालो. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात तिचा थोरला भाऊ, आमचा मामा, काठी टेकून उभा होता. त्याचे गुडघे तिच्याहून बिघडलेले.

“दादा,” आई त्याला म्हणाली, “हात दे रं.”

मामानं काठी भिंतीला लावली आणि हात पुढं केला. दोघं एकदम कण्हली, हसली, आणि आई आत गेली.