शेंग न धरणारी खरचुडी

कात्रजच्या टेकडीखालचं गाव महापालिकेत गेलं आणि मथुराबाईंचं रान इमारतीखाली गेलं. बदल्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. त्याच्या हातभर गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांतून खरचुडीचे वेल चढलेले. सुनेला तिथं कपडे वाळत घालायचे असत. कपडे की वेल, हा तंटा रोजचाच, आणि जिंकायच्या मथुराबाईच.

खरचुडी ही टेकडीवरची रानवेल. पावसात उगवते, कंदिलासारखं फूल धरते आणि पाऊस सरला की जमिनीत कंद ठेवून निजते. गुराखी तो कंद उकरून खात. टेकडी फोडून रस्ता काढला तेव्हा मथुराबाई थेट पोकलेनच्या पुढ्यात जाऊन बसल्या. ड्रायव्हर घसा फोडून ओरडत होता, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हाती लागले ते कंद पदरात घालूनच उठल्या.

त्यातला एक वेल असा माजला की बघत राहावं. मथुराबाई त्याचेच तुकडे लावत गेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इतर बायका प्लॅस्टिकचे डबे नि चाळण्या लुटत. मथुराबाई मंडईतून मडकी आणून, त्यांत मातीखाली निजलेला कंद घालून वाण देत.

"माती लुटताय व्हय, आत्याबाई?" बायका हसत.

आषाढात मडक्यातून कोंब वर आला की त्याच बायका फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकत. बघता बघता गावात घरटी खरचुडी झाली.

पण शेंग काही धरेना. फुलं यायची, गळायची. त्यात दोन पावसाळ्यांपासून कंद सडू लागले. एका घरी सडला की चार दिवसांत शेजारी रडगाणं. मथुराबाईंच्या जिवाला घोर लागला. "बी हाय तर येल हाय," त्या म्हणत. "माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

तेजस्विनी आली ती याच सुमारास. रानवनस्पतींच्या आनुवंशिकतेवर तिची पीएचडी चालली होती. मथुराबाईंनी तिला हाताला धरून घरोघर नेलं, आणि तिनं प्रत्येक वेलाचं इवलंसं पान खुडून पाकिटात घातलं. काही महिन्यांनी ती पुन्हा आली. चहा पुढ्यात निवत होता.

"आजी, पानांचं डीएनए टेस्टिंग झालं," ती शेवटी म्हणाली. "सगळ्या गावात मिळून एकच वेल आहे."

"येक कसा? घरटी हाय की."

"घरटी आहे, पण तुकड्यांतून वाढवलेला. म्हणजे बेसिकली तोच. आणि हिला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या वेलाचा मिळाला तरच शेंग. रोगाचंही तेच, एकाला लागला की सगळ्यांना."

"येका गोत्रात लगीन व्हत न्हाई, तसंच की."

"गोत्राच्याही पुढचं, आजी. इथं नवरा-नवरी एकच माणूस आहे."

मथुराबाई हसल्या नाहीत. "मंग दुसरा येल आण कुठनं तरी."

"सिंहगडापर्यंत सगळ्या टेकड्या पालथ्या घातल्या. ही जात कुठंच नाही." तेजस्विनी पुढे सरकून बसली. "टेकडीवरून आणलेत तेव्हा अजून कंद होते ना? त्यातला एखादा जरी कुठं असेल, तर अजून काहीतरी करता येईल."

होते. किरटे, सुरकुतलेले. त्याच वर्षी बजरंगरावांनी, मथुराबाईंच्या मालकांनी, अंथरूण धरलं होतं. जन्मभर त्या टेकडीवर गुरं राखलेला माणूस, अन्नावरची वासनाच उडालेली. एका दुपारी म्हणाले, खरचुडी खाऊशी वाटतीया. मथुराबाईंनी शेतकऱ्याच्या घरात जे करतात तेच केलं. त्या माजलेल्या वेलाचं चांगलं बियाण्याला ठेवलं, बाकीचं किरटं चुलीला लावलं. बजरंगरावांनी मिठाबरोबर सगळे कंद खाल्ले, बोटंसुद्धा चाटली. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

"व्हते," मथुराबाई म्हणाल्या. "मालकांना उकडून घातले."

मथुराबाईंना त्या घासाचा पस्तावा करवेना, आणि गॅलरीतल्या वेलाकडे बघवेना. मालक तर गेलेच होते, आता वेलही जाणार होता.

"चांगलंच ठिवलं व्हतं गं मी," त्या म्हणाल्या. "निवडून, चांगलं त्येच ठिवलं."