मावशीचे आभार

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, तेव्हा आमच्या साखर कारखान्याच्या क्लबात टेलिव्हिजन आला. वसाहत नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उघड्या माळावर होती. पुण्याचं प्रक्षेपण सुरू झालं होतं. ते आमच्यापर्यंत पोचेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर लोखंडी पाइप उभा करून त्याला अँटेना बांधली. आवाज स्वच्छ आला. चित्रात मुंग्या आल्या, त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

मी त्याआधी नगरला एका दैनिकात होतो आणि आता कारखान्याचं वार्तापत्र काढत होतो. तेवढ्यावरून लहान मुलांसाठी कार्यक्रम निवडणाऱ्या समितीत मला घेण्यात आलं. समितीत तिघंच होतो. चीफ इंजिनिअरांच्या पत्नी, ज्यांना सगळी वसाहत वहिनी म्हणे, कारखान्याच्या शाळेत शिकवणारी माझी पत्नी, आणि मी. शाळेतही न जाणारी मुलं क्लबात आणायची असतील, तर त्यांनी तिथून काही वळण घेऊन जावं, असं वहिनींचं म्हणणं होतं. त्याला कुणाचा विरोध नव्हता.

मुंबईचं वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं येई. त्यात संध्याकाळच्या कार्यक्रमांची नुसती नावं असत. नावावरून संस्कार ओळखायचे होते.

"नाटिका नको," वहिनी म्हणत.

"का?"

"नाटिकेत कुणीतरी खोटं बोलतंच."

"मग शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम? आज कपाशीवरची फवारणी आहे."

"त्यात वाईट काही नाही. पण मुलांनी त्यातून घ्यायचं काय?"

शेवटी बाहुल्यांच्या एका कार्यक्रमावर तिघांचं एकमत झालं. एक बाहुली दुसरीला काहीतरी देई, दुसरी हात जोडून "मी आपली आभारी आहे" म्हणे. आमच्या पडद्यावर ते दोन करडे गोळे असत. देणारी कोण आणि घेणारी कोण, हे मला कधीच कळलं नाही. मुलांना बहुधा कळत असावं. ती सतरंजीवर बसून पडद्याला हात जोडत.

आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. दिवसभर तिला शेजारच्या मावशी सांभाळत. मावशी मूळच्या खर्ड्याकडच्या. ऊसतोडीला म्हणून आल्या, पुढे नवरा गव्हाणीवर, म्हणजे ऊस यंत्रात जातो तिथे, कायम झाला, आणि त्या इथेच राहिल्या. सांभाळण्याबद्दल काही देण्याचा विषय पत्नीनं एकदा काढला होता. "लेकराचं मोल करता व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. विषय पुन्हा निघाला नाही.

एका दुपारी त्यांनी मुलीपुढे दूध-भाकरीची वाटी ठेवली. मुलीनं हात जोडले आणि म्हणाली, "मी आपली आभारी आहे." पत्नी शाळेतून नुकतीच आली होती आणि दारात उभी होती. तिला फार आनंद झाला. मावशींनी वाटी तिथेच ठेवली, हात पदराला पुसले आणि त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पत्नी मुलीला वर्गात घेऊन गेली. मुलीनं वर्गातल्या प्रत्येकाकडून खडू मागून घेतला आणि प्रत्येकाला हात जोडले. मुख्याध्यापकांनी सांगितलं, असं रोज चालणार नाही. मुलीची सोय करा, नाहीतर रजा टाका. रजा शिल्लक नव्हती. मुलगी घरी आली की भिंतीला कान लावून बसे, कारण भिंतीपलीकडे मावशींचा स्टोव्ह होता.

मी मावशींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"काही चुकलं का आमचं?"

"तुमचं कशाला चुकंल, दादा. तुमी शिकलेली मानसं."

"मग येत का नाही?"

"पावन्यानं पावन्यावानी ऱ्हावं."

"मावशी, ती तीन वर्षांची आहे. टीव्हीत बघून बोलली."

"टीव्हीत बघून का हुईना. माज्या हातची भाकर खाऊन हात जोडती. परक्याला जोडत्यात हात. घरातल्या बाईला कुनी जोडतं व्हय? तुमी जोडता का, बाईनं ताट वाढल्यावर?"

मी जोडत नव्हतो. कुणाला जोडताना पाहिलंही नव्हतं. त्या बरोबर आहेत की बाहुल्या, हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. "एकदा क्लबात येऊन बघा तरी," एवढंच म्हणालो.

"येते. बगू तुमची ती बाई."

त्या संध्याकाळी आल्या आणि मुलांच्या मागे सतरंजीवर बसल्या. खेळ सुरू झाला. त्या बराच वेळ पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होत्या.

"ह्यातली बाई कुठली?"

"ती डावीकडची. बाहुली आहे, बाई नाही," मी म्हणालो.

"मला तर समदं पीठ सांडल्यावानी दिसतंय."

पडद्यावरून "मी आपली आभारी आहे" ऐकू आलं आणि सगळ्या मुलांनी हात जोडले. आमच्या मुलीनंही. मग तिनं मागे वळून पाहिलं, मावशी दिसल्या, आणि ती उठून थेट त्यांच्या मांडीत जाऊन बसली.

"भूक लागली. भाकर दे."

पत्नी पुढे वाकली. "असं नाही बोलायचं. 'द्या ना' म्हणावं."

"दे की गं," मुलगी मावशींच्या पदराची गाठ सोडत म्हणाली. गाठीत शेंगदाणे होते, ते तिला ठाऊक होतं.

मावशी हसल्या. "आता कशी बोलली." त्यांनी शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. वहिनी समोरच्या खुर्चीवरून हे पाहत होत्या.

सकाळी मावशी नेहमीसारख्या आल्या. पत्नी शाळेत गेली. रात्री आम्ही मुलीला समजावलं की मावशींचे आभार मानायचे नाहीत. आईचे नाहीत, बाबांचेही नाहीत. इतरांचे मानायचे.

"इतर म्हणजे कोण?"

"परकी माणसं," पत्नी म्हणाली.

"परकी कोण?"

पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आम्ही सांगू तेव्हा."

पुढच्या बैठकीला वहिनी आमच्या घरी आल्या. मावशी आत स्वयंपाकघरात मुलीला भरवत होत्या. वहिनींनी पर्समधून लिमलेटची गोळी काढली, तिचा कागद सोडवला आणि मुलीला हाक मारली. मुलगी बाहेर आली, गोळी घेतली, हात जोडण्यासाठी उचलले आणि मध्येच थांबली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही आपली का परकी?"

वहिनी गोळीचा कागद सरळ करत बसल्या. पत्नी चहा टाकते म्हणून आत गेली. मी वर्तमानपत्र उघडून त्या संध्याकाळच्या कार्यक्रमांची नावं वाचायला घेतली. मुलगी तशीच उभी होती, अर्धवट उचललेले हात घेऊन.