रूथताईची जागा

आता काय सांगू तुम्हाला! चाळिशी ओलांडली तरी माझा बावळटपणा काही कमी होत नाही. उलट आता तो भर चर्चमध्ये, ऑर्गनच्या साथीवर होतो!

फरीदाबादला आमच्या शेजारी रूथताई राहते. मूळची नगरची. जुन्या दिल्लीत इंग्रजांच्या काळातलं एक चर्च आहे, तिथल्या क्वायरमध्ये गाते. इतकी वर्षं सगळ्यांबरोबरच गायची. यंदा नाताळच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच चार ओळी तिला एकटीला दिल्या होत्या. नगरला तिच्या आईचे गुडघे गेलेत, त्यांना येणं शक्यच नव्हतं.

"तू पुढे बस आणि माझा व्हिडिओ काढ," रूथताई म्हणाली. "आई वाट बघतेय गं."

एवढंच! एवढं एकच काम!

नवऱ्याला, सुहासला, गाडी पार्क करायला सोडून मी आत धावले. सगळे बाक भरलेले. पण अगदी पुढे, वेदीजवळ, दोन रांगा मोकळ्या! वर गाद्याबिद्या घातलेल्या! म्हटलं, दिल्लीवाले वेडे की काय? टोकाची जागा पकडली, शेजारी सुहाससाठी पर्स ठेवली.

तेवढ्यात काळ्या सूटमधले एक गृहस्थ आले. "मॅडम, ये हमारी जगह है."

झालं! माझं डोकंच सणकलं. उशिरा यायचं आणि वर मालकी सांगायची?

"नाम लिखा है क्या आपका? फरीदाबादसे आये हैं हम!"

"लेकिन ये तो रूथ आंटी की..."

"उन्होंनेही तो भेजा है मुझे!"

"अच्छा, उनके बदले आप? पहले बताना था ना!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक काळी फाइल दिली. मला वाटलं, कार्यक्रमपत्रिका. किती ही व्यवस्था!

बघता बघता माझ्या आजूबाजूला सगळी काळ्या कपड्यांतली माणसं. नेमकी मीही काळीच साडी नेसलेली! ऑर्गन सुरू झाला, सगळे उभे राहून लोकांकडे वळले, मीही वळले. समोर बघते तर काय, अख्खं चर्च माझ्याकडे बघतंय!

मला सांगा, 'क्वायरची जागा' अशी एक पाटी लावायला यांचं काय जातं?

गळ्यासाठी गरम पाणी पिऊन रूथताई सगळ्यात शेवटी आली. "तू इथे काय करतेस?"

"अगं, तुझाच व्हिडिओ..."

"शूऽऽ!" कोणीतरी दटावलं. बिचारी माझ्या मागे जाऊन उभी राहिली. उंची माझ्या खांद्याएवढी.

आणि सगळे काय गायले हो! सूर छताला जाऊन परत अंगावर येत होते. काटा आला. आणि मी? फाइलमध्ये मान घालून नुसते ओठ हलवतेय, मत्स्यालयातल्या माशासारखी!

मध्येच समोर उभ्या क्वायरच्या संचालकांनी माझ्याकडे बघून हात केला. मला वाटलं, तोंड नीट उघडा म्हणतायत. मी आणखी मोठं उघडलं. रूथताईच्या चार ओळी सुरू झाल्यात आणि बाकीचे केव्हाच गप्प झालेत, हे मला काय माहीत?

सुहासने मागच्या बाकावरून झूम करून व्हिडिओ काढला आणि हौसेने थेट रूथताईच्या आईंना पाठवूनही दिला. नंतर बाहेर आम्ही तो पाहिला. आवाज रूथताईचा. स्क्रीनभर चेहरा माझा. रूथताईचा एक केससुद्धा दिसत नव्हता!

"तुला थांबवता नाही आलं मला?" मी सुहासवर भडकले.

"मला वाटलं, तू जॉइन झालीस."

रूथताई व्हिडिओ परत पहिल्यापासून लावून स्वतःला शोधत होती. ओरडली असती तर बरं, हो! इतक्या वर्षांनी मिळालेल्या चार ओळी, आणि तिच्या आईला दिसले कोण, तर मी!

तेवढ्यात आईंचाच फोन. मी तो रूथताईच्या हातातून ओढूनच घेतला.

"आई, आवाज रूथताईचाच आहे हो! मी शेजारची. मी नुसतंच तोंड हलवत होते!"

"कळलं की," आई शांतपणे म्हणाल्या. "तिचं संपलं तरी तुझं चालूच होतं."