वाचून दाखवलेला कागद

"वाचून दाखवलं का?"

कोणीही कागद पुढे केला की ते चष्मा कपाळावर ढकलत आणि कागदाकडे न बघता हे विचारत. कोणाला, हे सांगावं लागत नसे. कागद ज्यांच्याविषयी असेल त्यांना.

ते एका सरकारी समितीचे धोरण सल्लागार होते. गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या खोलीत बसत. मी तेव्हा वार्ताहर होतो. वाळूजला कारखाने उभे राहत होते, शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते आणि दोन्हींच्या माहितीसाठी मी त्यांचा जिना चढत असे. माझी एक बातमी वाचून त्यांनी तेच विचारलं. मी नाही म्हणालो. "मग अर्धीच झाली," ते म्हणाले.

वाळूजच्या शिफ्टच्या बसगाड्यांवर त्यांनी टिपण केलं आणि सकाळी थांब्यावर जाऊन कामगारांना वाचून दाखवलं. एका फिटरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "साब, टेम एकदम बराबर लिखे," तो म्हणाला, "पन बस ठैरती किधर, वो देखो." त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या चपला चिखलात रुतल्या होत्या. टिपणाचं पहिलं कलम थांब्याच्या फरशीचं झालं.

अर्थशास्त्रात एम.ए. झालेली एक मुलगी त्यांच्याकडे आली. सल्लागार व्हायला काय वाचू, असं तिने विचारलं. त्यांनी दहा-बारा पुस्तकं सांगितली आणि स्वतःच्या टिपणाचं एक पान दिलं. हे गारखेड्यात नळावरच्या बायकांना वाचून दाखव, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. बायका हसल्या होत्या.

"कोणत्या वाक्याला?"

तिने दाखवलं.

"आता इथनं शिकायला लाग. अन् वाक्य माझंय, तुझं नाय. रडती कशाला?"

असा मास्तर तुम्हाला भेटला असेल तर तुम्ही भाग्यवान. मला एकच भेटला.

नामांतराच्या विरोधात उसळलेल्या दंगलीत एका गावातली दलित वस्ती जळाली. कुटुंबं शाळेत राहत होती. त्यांना कुठे वसवायचं, यावर समितीने टिपण मागितलं. वाळूजजवळ भूखंड, पक्की घरं, कारखान्यात काम, असं त्यांनी सुचवलं. मी ते वाचलं होतं. मला खोट काढता आली नाही. आदेशाचा मसुदाही तयार होता.

तरी ते वाचून दाखवायला गावी गेले. मी सोबत होतो, पण बाहेर पोलिसांशी बोलत राहिलो. आत काय घडलं ते जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. वाचून झाल्यावर एका म्हातारीने विचारलं, "ज्यांनी जाळलं ते हितंच ऱ्हाणार, अन् आम्ही जायाचं व्हय?" मग त्यांनी टिपण फाडून टाकलं, असं ड्रायव्हर म्हणाला.

परतताना जीपमध्येच त्यांनी दुसरं लिहिलं. घरं त्याच जागेवर, त्याच माणसांची, सरकारी खर्चाने. आणि गावच्या विहिरीवर त्यांचा हक्क लेखी.

समितीच्या अध्यक्षांनी पहिलंच टिपण मागितलं. तुमची मुदत संपत आली आहे, विचार करा, असंही सुचवलं.

"विचार झालाय," ते म्हणाले. "त्याच्यावर माझी सही आता नाय."

दुसरं टिपण वर गेलं. घरं जुन्या जागी उभी राहिली. त्यांची मुदत वाढली नाही. नंतर मी पुष्कळ सल्लागार पाहिले, हुशार, बहुश्रुत. आपला बिनचूक कागद चुकीचा आहे, हे एका म्हातारीच्या एका प्रश्नावर ओळखणारा दुसरा पाहिला नाही.

ते वारले त्यानंतर मी हे लिहिलं आणि त्यांच्या नियमाप्रमाणे त्या गावी घेऊन गेलो. म्हातारीही आता नाही. तिच्या सुनेला तिच्या दारात बसून वाचून दाखवलं. फाडण्यापाशी तिने मला थांबवलं.

"फाडलं नाय हो. घडी घालून आत्याबाईच्या हातात दिलं. म्हणले, ही माझी चूक हाय, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

तिने आतून पत्र्याची पेटी आणली. तळाशी चार घड्यांचा कागद होता. अक्षर त्यांचंच. सहीवर आडवी रेघ मारलेली आणि त्याखाली दोनच शब्द: वाचून दाखवलं.