मल्लूअण्णांनी बघून दिलेल्या जागा

मल्लूअण्णांना माती देऊन आम्ही परत आलो, त्या संध्याकाळी माझ्या हातून एक गाढवपणा झाला. आमच्याकडे दुःखाच्या घरी लांबून माणसं येऊन बसतात, आणि त्यांच्यापुढे ताटलीत विडीचं बंडल, काडेपेटी, तंबाखू-चुना ठेवायची जुनी पद्धत आहे. प्रसंगाला मी कुठल्याच कामाचा नाही यावर सासुरवाडीत सगळ्यांचं एकमत असल्यानं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा आपणहून काहीतरी करावं म्हणून मी कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो, चार बंडलं आणली, अक्कांच्या स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली शोधून त्यात नीट मांडली आणि समोरच्या खोलीत, अण्णांच्या फोटोपुढे लावलेल्या समईपासून हातभर अंतरावर ठेवली. वर पुन्हा "घ्या, संकोच करू नका" असंही म्हणालो. खोलीत पंधरा-वीस पुरुष होते, बहुतेक सगळे ओढणारे. एकाचाही हात पुढे आला नाही. शेवटी नरसय्या म्हणून एक म्हातारे विणकर उठले, गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकले आणि ताटली उचलून म्हणाले, "साहेब, हे ह्या घरात नको. मी बाहेर ठेवतो." आणि ती ताटली घेऊन ते फाटकाबाहेर गेले. दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं, शैलानं, माझ्याकडे नुसतं पाहिलं.

अण्णा माझे साडू, म्हणजे शैलाच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, नवरे. सकाळी अंघोळीचं पाणी काढायला गेले आणि बादलीशेजारी खाली बसले ते उठलेच नाहीत... अक्कांचा फोन आला तेव्हा मागे नळ चालूच असल्याचं ऐकू येत होतं. छातीच्या डॉक्टरांकडे त्यांनी उभा जन्म कंपाउंडर म्हणून काढला. दम लागलेली पोरं यायची, वाफ घ्यायची, औषध घेऊन घरी जायची आणि आठवडाभरात परत यायची. असल्या एका पोराला पोचवायला अण्णा एकदा सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या त्याच्या घरी गेले. एकच खोली, अर्ध्या खोलीत माग, उरलेल्या अर्ध्यात सहा माणसं, आणि खाटेवर बसून विडी ओढणारा आजा. ते आजोबा म्हणजे हेच नरसय्या. त्या दिवसापासून दवाखाना सुटला की अण्णांची सायकल असल्या घरांकडे वळायला लागली.

विडी सोडा, असं मात्र ते कधी कुणाला म्हणाले नाहीत. "सोडायचं ते त्यांचं ते बघतील, मला फक्त धूर उंबऱ्याबाहेर पाहिजे," असं म्हणायचे. आणि बाहेर म्हणजे कुठं, हे ते स्वतः हिंडून ठरवायचे. दुपारी सावली कुठं पडते, वारा कुठून येतो, रस्त्यावरून जाणाऱ्याचा धक्का लागेल का, सगळं बघायचे. सोलापूरच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला नुसतं बाहेर हो म्हणणं म्हणजे शिक्षा झाली, असं त्यांचं मत. कुठं जुनी चादर बांधून आडोसा करून दे, कुठं दोन फरश्या टाकून बैठक करून दे. मी त्यांना प्लॉटएजंट म्हणायचो. एकदा मलाही बरोबर नेलं होतं. तिथले आजोबा कुरकुरत होते की बाहेर बसलो तर टीव्ही ऐकू येतो, दिसत नाही. अण्णांनी टीव्ही उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवला. मग घरातल्यांना दिसेना. शेवटी आजोबा आणि घरातले यांच्यात तोडगा निघून टीव्ही तिरपा झाला, आणि तो तिरपा करताना वायर माझ्या पायात येऊन मी आजोबांच्या मांडीवर पडलो. तेव्हापासून मला नेणं त्यांनी बंद केलं.

खरी अडचण जागेची नव्हती. सासऱ्याला, थोरल्या दिराला, पाहुण्याला बाहेर जाऊन ओढा असं सांगायचं कुणी? एक सूनबाई पदराआड रडत म्हणाली होती, "अण्णा, मी सांगितलं तर उद्या मला माहेरी धाडतील." अण्णा म्हणाले, "तू नको सांगू. मल्लिनाथ कंपाउंडर लई ओरडतो म्हणून सांग. माझं नाव घे आणि वर दोन शिव्याही घाल मला, म्हणजे सासऱ्याला बरं वाटंल." हीच त्यांची पद्धत पडली. किती घरांत त्यांनी आपलं नाव असं वापरायला दिलं कोण जाणे. घरातली भांडणं मिटायची आणि राग सगळा यांच्या नावावर जमा व्हायचा. "आला बाहेर काढणारा," असं गल्लीतली माणसं त्यांच्या तोंडावर म्हणायची. एका लग्नात तर वरबापानं त्यांना मुद्दाम धुराच्या घोळक्यात बसवलं. अण्णा हसत बसले आणि रात्रभर खोकले. सगळीकडे जमलं असंही नाही. थंडी पडली की काही घरांत खाट परत आत यायची, आणि ते पोर परत दवाखान्यात. अशा दिवशी अण्णा आमच्याकडे यायचे, चहा संपला की लगेच उठायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र सांगायला कुणाचंच नाव नव्हतं. कुर्डुवाडीचे शिवाप्पा, त्यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वडील लवकर गेल्यावर रेल्वेच्या वर्कशॉपात राबून त्यांनी अण्णांना वाढवलं, शिकवलं. दादा आले की अण्णा खुर्चीतून उठून खाली बसायचे. दादा सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून यायचे, समोरच्या खोलीत खाटेवर बसायचे आणि एकीवर एक विडी ओढायचे. अण्णांची नात गौरी तेव्हा चार वर्षांची, जन्मापासून दम्याची. दादा येणार असले की अक्का तिला शेजारी पाठवायच्या, अण्णा खिडक्या उघडून ठेवायचे. मी एकदा म्हणालो, "अण्णा, माझं नाव सांगा की दादांना." अण्णा म्हणाले, "तुझं नाव सांगितलं तर दादा दोन जास्त पेटवतील."

मग ती संध्याकाळ आली. मी तिथंच होतो. आतल्या खोलीत गौरी तोंडाला मास्क लावून वाफ घेत होती, मशीनची घरघर बाहेर येत होती, आणि दादांनी खिशातून बंडल काढलं. अण्णा जमिनीवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दादा... विडी बाहेर घ्या." दादांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, बंडल खिशात ठेवलं, चहा संपवला आणि टोपी घातली. "गाडीची येळ झाली," म्हणाले. गाडीला अजून दोन तास होते.

त्यानंतर दादा त्या घरात आले नाहीत. अण्णांनी फाटकाबाहेर लिंबाखाली दगडी कट्टा बांधून घेतला, पाठ टेकायला उतरता, दुपारभर सावलीत राहणारा. तो कुणासाठी हे सांगायची गरज नव्हती. त्यावर कोपऱ्यावरची मुलं मोबाइल बघत बसायची. अण्णा मात्र दर महिन्याला कुर्डुवाडीला जायचे, दादांच्या बंद खोलीत त्यांच्या धुरात तासन्‌तास बसायचे, निघताना "दादा, घरी या" म्हणायचे. दादा "येतो की" म्हणायचे. अण्णा परत आले की अंघोळ करून, शर्ट बदलून मगच गौरीला जवळ घ्यायचे. पस्तावा होतो का, असं मी एकदा भीत भीत विचारलं. म्हणाले, "सांगायचं तर होतंच रे. पण त्यांच्यावाचून घर रिकामं लागतं."

अण्णा गेले त्या दिवशी दादांची गाडी उशिरा आली, म्हणून ते परस्पर मातीलाच पोचले होते आणि तिथूनच परत गेले होते. शिवगणाराधनेच्या दिवशी, म्हणजे दिवसकार्याच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलं होतं तेव्हा, ते सकाळीच आले आणि लिंबाखालच्या कट्ट्यावर बसले. अक्का दोनदा बोलवायला गेल्या. "हितंच बरं हाय," म्हणाले. अक्का डोळे पुसत परत आल्या. मग मी माझी अक्कल चालवली. कट्ट्यापाशी जाऊन म्हणालो, "दादा, अण्णांनी मला सांगून ठेवलं होतं. दादा आले की आत घेऊन ये, माझं नाव सांग, म्हणाले होते."

दादांनी माझ्याकडे वर पाहिलं. "तुमाला तसं काय म्हणाला न्हाय त्यो. माझ्याशी त्यो दुसऱ्याच्या तोंडानं बोलंल व्हय? समद्या गावाला आपलं नाव सांगायला लावलं, मला मातुर तोंडावर सांगितलं." मग म्हणाले, "त्या दिशी राग आला. मागनं लाज वाटली. मग तसंच ऱ्हायलं... दर महिन्याला घरी या म्हणायचा. आता कुणी म्हटलं म्हणून जाऊ आत?"

मी शेजारी बसलो. पानं मांडली, पंगती उठल्या, गौरी त्यांचं ताट तिथंच घेऊन आली. आता ती उंच झालीय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ऊन कलल्यावर उठले, फाटकातून एकदा आत, समोरच्या खोलीतल्या फोटोकडे पाहिलं, हात जोडले आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. उंबरा काही त्यांनी ओलांडला नाही.

रिक्षातून घरी येताना मी शैलाला म्हणालो, म्हातारा हट्टी तो हट्टीच, एका विडीपायी भावाच्या घरात पाऊल टाकलं नाही. ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "चहा मी दोन वेळा नेऊन दिला त्यांना. सकाळपासून ते तिथं बसले होते, पण एकही विडी पेटवली नाही त्यांनी. तुम्ही शेजारीच होतात ना?"