पट्टीखालची चामखीळ

संशय घेणं हा माझा जुना स्वभाव. दूधवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत मी कुणालाच सोडत नाही, मग नवऱ्याला कशी सोडणार?

कामणच्या गोदामात पत्रा लागला म्हणून ह्यांनी अंगठ्याला पट्टी बांधली. दोन महिने झाले तरी जखम भरेना, आणि पट्टी रोज बाथरूमची कडी लावून बदलली जाई. मग शर्टाच्या खिशात चुन्याची डबी सापडली. मी दिलेल्या किडनीवर नऊ वर्षं जगणारा माणूस आता तंबाखू खातो, अशी माझी खात्रीच झाली. चार दिवस काहीतरी निमित्त काढून मी ह्यांच्या तोंडाचा वास घेत होते. वास येईना, तेव्हा संशय आणखी वाढला.

रविवारी सरळ हात धरला आणि पट्टी ओढली. खाली चामखीळ होती, चुन्यानं पोळून रक्ताळलेली.

माणिकपूरच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. त्वचेचा कॅन्सर निघाला, सुरुवातीचा. त्यांनी समजावून सांगितलं, की बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारी जनुकं आपल्यात असतात, राखणदारच म्हणा. चामखिळीचा व्हायरस कधी कधी त्यांना कामच करू देत नाही, उन्हानंही ती बिघडतात. त्यात शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणजे व्हायरसला रान मोकळं. चामखीळ कापायची आणि किडनीच्या डॉक्टरांना विचारून गोळ्या कमी करायच्या, असं ठरलं.

मला डॉक्टरांचाही संशय आला. मग किडनीचं काय, हे मी तीनदा विचारलं. थोडा धोका आहे, असं ते तिन्ही वेळा म्हणाले. हे खाली मान घालून बसले होते. ह्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

रिक्षा स्टँडवर मी खोदून विचारलं, तेव्हा ह्यांनी सांगितलं. डायलिसिसच्या वेळच्या एका ओळखीच्या माणसाला अशीच चामखीळ झाली होती. गोळ्या कमी केल्या आणि त्याची किडनी गेली.

"तुझी किडनी आहे ती," हे म्हणाले. "माझ्या अंगठ्यापायी घालवायची होय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं प्रत्येक भांडणात मीच ऐकवत आले होते, माझी किडनी आहे, सांभाळा.

"ती तुमची आहे," मी म्हटलं. "गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच घ्यायच्या."

ह्यांनी मान हलवली. पण माझ्यावर विश्वास बसलेला काही दिसला नाही.